जुन्या पिकअपचा ऑक्सिजन सेन्सर

अमेरिकेतल्या जुन्या पेट्रोल पिकअप ट्रकचं मायलेज घसरलं, की संशय बऱ्याचदा या सेन्सरवर जातो.

■ काम : एक्झॉस्ट पाइपमधून जाणाऱ्या धुरात उरलेला ऑक्सिजन ओळखणं. वजनाने एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा हे प्रमाण राखताना इंजिनचा संगणक त्यावर विसंबतो.

■ संकेत : झिर्कोनियाचा सेन्सर साधारण ०.१ ते ०.९ व्होल्ट देतो. हवा जास्त असेल तर व्होल्टेज कमी, पेट्रोल जास्त असेल तर जास्त. बिघडलेल्या सेन्सरने ‘हवा जास्त’ असं खोटंच कळवलं, की संगणक पेट्रोल वाढवतो.

■ आयुष्य : हीटर नसलेले जुने सेन्सर साधारण ३० ते ५० हजार मैल, हीटरवाले ६० हजार ते १ लाख मैल.

■ कोणता बदलायचा? : १९९६ नंतरच्या मॉडेलांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी आणि नंतरही सेन्सर असतो. मिश्रण मुख्यतः आधीच्या सेन्सरवर ठरतं. नंतरचा कन्व्हर्टरवर नजर ठेवतो. सेन्सरच्या नावात येणारं ‘बँक १’ म्हणजे एक नंबर सिलिंडरची बाजू.

■ आधी तपासा : टायरमधली हवा, एअर फिल्टर, उघडाच अडकलेला थर्मोस्टॅट. सेन्सरच्या अलीकडे एक्झॉस्ट गळत असेल, तर नवा सेन्सरही फसतो.

■ बसवताना : वायरसाठी खाच असलेला २२ मिमीचा सॉकेट वापरा. गंजलेल्या आट्यांवर आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारा. अँटी-सीझ (आटे अडकू नयेत म्हणून लावायचा लेप) फक्त आट्यांना, तेही कंपनीने आधीच लावलेलं नसेल तर. टोकाला अजिबात नाही.