कायदा रद्द झाला, नकाशा तोच राहिला

दक्षिण आफ्रिकेतला वर्णभेद कायद्याच्या पुस्तकातून १९९१ मध्येच बहुतांशी पुसला गेला. माणसांची वंशवार नोंदणी करणारा कायदा, वंशानुसार वस्त्या ठरवणारा ‘ग्रुप एरियाज’ कायदा आणि १९१३ चा जमीन कायदा त्याच वर्षी रद्द झाले. १९९४ च्या निवडणुकीनंतर मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले. तरीही जगातली सर्वाधिक आर्थिक विषमता आज तिथेच मोजली जाते. मनातल्या पूर्वग्रहांना दोष देऊन याचा उलगडा होत नाही. वर्णभेद हा मुळात जागेचा कायदा होता. कोणी कुठे राहायचं, कोणती जमीन घ्यायची, कामावर किती लांबून यायचं, हे सगळं तो ठरवत होता. ती जागांची वाटणी अजून मोडलेली नाही, आणि ती मोडल्याशिवाय वर्णभेद संपला असं म्हणता येणार नाही.

१९१३ च्या कायद्याने कृष्णवर्णीयांना, म्हणजे देशातल्या बहुसंख्य जनतेला, जेमतेम सात टक्के जमीन ठेवली. १९३६ मध्ये ती तेरा टक्क्यांपर्यंत वाढवायचं ठरलं. शहरांत हेच काम १९५० च्या ग्रुप एरियाज कायद्याने केलं. केप टाउनचा डिस्ट्रिक्ट सिक्स हा टेबल माउंटनच्या पायथ्याचा, बंदराला लागून असलेला मिश्र वस्तीचा भाग. ११ फेब्रुवारी १९६६ रोजी तो केवळ गोऱ्यांसाठी जाहीर झाला आणि पुढच्या सुमारे दीड दशकात साठ हजारांहून अधिक लोकांना केप फ्लॅट्सच्या रेताड माळावर हलवण्यात आलं. बुलडोझरने घरं पाडली; चर्च आणि मशिदी तेवढ्या उभ्या राहिल्या. ज्या जमिनीसाठी हे केलं, तिचा बराचसा भाग पुढे कित्येक दशकं ओसाड पडून होता. आज तिथल्या संग्रहालयात जमिनीवर जुन्या वस्तीचा मोठा नकाशा अंथरला आहे आणि माजी रहिवाशांनी आपापली घरं त्यावर स्वतःच्या हाताने नोंदवली आहेत. या लोकांची घरं गेलीच. त्याबरोबर पायी गाठता येणारी नोकरी, दुकानाचं ठरलेलं गिऱ्हाईक आणि मूल सांभाळणारी शेजारीण हेही गेलं. शहराच्या मध्यात घर राखू शकलेल्या गोऱ्या कुटुंबाची मालमत्ता मात्र दर पिढीला वाढत गेली.

यावर आक्षेप येतो की तीस वर्षांनंतर हे खापर जुन्या कायद्यांवर फोडणं सोपं आहे, खरा दोष भ्रष्ट सरकारचा आहे. भ्रष्टाचार झाला आहे, आणि न्यायालयीन चौकशी आयोगाने तो सविस्तर नोंदवला आहे. पण गरिबांची घरं शहरापासून इतकी दूर का, याचं उत्तर त्यातून मिळत नाही. १९९४ नंतर सरकारने तीस लाखांहून अधिक घरं बांधली, हे छोटं काम नव्हे. मात्र अनुदान ठरावीक असल्याने जमीन स्वस्त लागे, आणि स्वस्त जमीन होती ती जुन्या वर्णभेदी वस्त्यांच्याही पलीकडे. त्यामुळे लोकशाही सरकारच्या विटांनीच जुना नकाशा पक्का झाला. ज्या कामगाराला पहाटे अंधारात निघून मिनीबसला पगाराचा मोठा हिस्सा द्यावा लागतो, त्याला मिळालेलं घर कोणत्या अर्थाने भरपाई ठरतं?

दुसरा आक्षेप असा की, वंश पाहून भरपाई देणं हाही वर्णभेदच. हा आक्षेप अधिक गंभीर आहे, पण जमीन परतीच्या १९९४ च्या कायद्याला तो लागू पडत नाही. १९ जून १९१३ नंतर वांशिक कायद्यामुळे तुमची जमीन गेली का, हे तो कायदा विचारतो. त्याचा आधार घडलेलं नुकसान आहे. त्याची खरी उणीव वेगळीच आहे: शहरातले बहुतेक दावे रोख रकमेवर मिटले. पैसे खर्च झाले आणि माणसं माळावरच राहिली.

म्हणून उपाय जागेपासूनच सुरू व्हायला हवा. शहरांच्या मध्यात सरकारच्या आणि नगरपालिकांच्या मालकीच्या जागा आहेत. त्या चढ्या बोलीला न विकता तिथे परवडणारी भाड्याची घरं बांधावीत. दूरच्या वस्त्यांना भरवशाची रेल्वे द्यावी आणि ज्यांना घरं मिळाली त्यांच्या हातात मालकीचे कागद द्यावेत. सरकारचं यशही घरांच्या आकड्यावर न मोजता घर आणि काम यांतल्या अंतरावर मोजलं जावं. हे तातडीचं आहे. डिस्ट्रिक्ट सिक्समध्ये पहिल्या दोन वृद्ध रहिवाशांना मंडेलांच्या हस्ते किल्ल्या मिळाल्या त्या २००४ मध्ये. पंधरा वर्षांनंतरही काम इतकं रखडलेलं होतं की न्यायालयाला सरकारला खडसवावं लागलं, आणि तोवर अनेक दावेदार वाट पाहतच वारले होते.