कृषिदूतांनो, गावातून एक प्रश्न आणा!

नगर-मनमाड रस्त्यानं शिर्डीला जाताना राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ तुम्ही पाहिलंच असेल. १९६८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचं काम आपल्या घरापर्यंत पोहोचलंय. डाळिंबाचा ‘भगवा’ वाण इथलाच. ‘फुले त्रिवेणी’ गायही इथलीच: होल्स्टीनचं भरपूर दूध, जर्सीची फॅट आणि गीरचा काटकपणा, असा तिहेरी संकर.

जागतिक बँक आणि भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या प्रकल्पातून इथं हवामान अद्ययावत शेती आणि पाणी व्यवस्थापनाचं ‘कास्ट’ केंद्र उभं राहिलं. ड्रोन, सेन्सरवर काम झालं, विद्यार्थी प्रशिक्षणासाठी परदेशी विद्यापीठांत जाऊन आले. पिकाला कधी, किती पाणी द्यायचं हे सांगणारं ‘फुले इरिगेशन शेड्यूलर’ ॲपही याच विद्यापीठाचं.

पण हे सगळं बांधावर नेणार कोण? बरंचसं तुमच्याच वयाची पोरं-पोरी! बीएस्सी ॲग्रीच्या शेवटच्या वर्षाला ‘रावे’ असतं, म्हणजे गावात राहून शेतीचा कार्यानुभव. माती परीक्षण, बीजप्रक्रिया करून दाखवायची. यांनाच कृषिदूत, कृषिकन्या म्हणतात.

आता खरं सांगा, बॅनर धरून फोटो, दोन सह्या आणि सबमिशन, एवढ्यावरच रावे उरकलं तर? संशोधन बांधाच्या अलीकडेच अडकतं. एखाद्या आजोबांनी “पाणी कमी का द्यायचं, पोरा?” विचारलं आणि उत्तर जमलं नाही, तरी लाजू नका. तो प्रश्न वहीत लिहा आणि सरांपुढे ठेवा. पुढच्या संशोधनाचा विषय कदाचित त्यातच असेल.