इमोबिलायझर बदलताना

गाडीचा इमोबिलायझर बदलायचा म्हणजे जुना डबा काढून नवा बसवायचा, असा अनेकांचा समज असतो. खरे तर बोल्ट आणि कनेक्टर हे त्यातले सोपे काम. किल्लीतल्या चिपला इग्निशनभोवतीच्या कॉइलमधून वीज मिळते, मग चिप संकेत पाठवते आणि तो पटला तरच ईसीयू (इंजिनाचा नियंत्रण संगणक) इंजिन चालू ठेवतो. भंगारातून आणलेले मॉड्यूल बहुधा चालत नाही ते यामुळेच. त्यात दुसऱ्याच गाडीचा संकेत साठवलेला असतो. नव्या मॉड्यूलची गाडीशी नोंदणी, म्हणजे प्रोग्रॅमिंग, कंपनीच्या संकेतांवर अवलंबून असते. ही कंपन्यांची मक्तेदारी आहे, हा आक्षेप अगदीच पोकळ नाही (बिल हातात पडले की तो पटतोही). पण कुणालाही सहज जोडता येणारे मॉड्यूल चोरालाही तितकेच सोयीचे. युरोपीय संघाने १९९८मध्ये नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा केला, तो चोऱ्या रोखण्यासाठीच. मक्तेदारीवर तोड अमेरिकेत दिसते: तिथे नोंदणीकृत किल्लीकारागिरांना नास्टफ या संस्थेच्या व्यवस्थेतून कंपन्यांचे संकेत मिळू शकतात.

अनेक गाड्यांत नव्या नोंदणीच्या वेळी जुन्या किल्ल्या पुसल्या जातात. म्हणून गॅरेजला जाताना घरातली प्रत्येक किल्ली न्या आणि प्रोग्रॅमिंग संपेपर्यंत बॅटरीला चार्जर लावून ठेवायला सांगा.