पिकअपचाच ‘पिकअप’ जातो तेव्हा

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषण मानक लागू झालं आणि डिझेल पिकअपच्या धुराच्या वाटेवर काजळी अडवणारी जाळी, म्हणजे डीपीएफ, बसली. आता त्या गाड्या सेकंडहँड बाजारात आल्या आहेत.

साठलेली काजळी साधारण ६०० अंशांवर जळते. पण मार्केट ते दुकान एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीत तेवढी उष्णता होतच नाही. मग जाळी तुंबते, डॅशबोर्डवर तिचा दिवा लागतो, पिकअपचाच ‘पिकअप’ जातो.

सुरुवातीला हायवेवर वीसेक मिनिटं एकसारख्या वेगात पळवून अनेकदा भागतं. नाहीच भागलं, तर स्कॅनर लावून सेन्सर आणि थोडा धूर पुन्हा इंजिनात फिरवणारा ईजीआर व्हॉल्व्ह तपासायचे. मूळ दोष राहिला तर नवी जाळीही तुंबते.

गाडी घेताना, इंजिन थंड असताना सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवावं. काळंकुट्ट निघालं, तर जाळी फुटलेली किंवा काढून टाकलेली असू शकते.