एक्स्प्लेनर : घरची बिअर केगमध्ये भरताना हवेची एवढी धास्ती का?

अमेरिकेत घरी बिअर बनवणं हा रीतसर छंद आहे. १९७८ मध्ये अध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्यानुसार दोन प्रौढांच्या घराला स्वतःसाठी वर्षाला २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५७ लीटर बिअर करमुक्त बनवता येते. पण काही आठवडे खपून तयार केलेली ही बिअर अनेकदा शेवटच्या अर्ध्या तासात बिघडते. कारण, ती केगमध्ये भरताना आत शिरणारी हवा.

ऑक्सिजनमुळे काय होतं?

सुरुवातीला यीस्टच्या वाढीसाठी ऑक्सिजन लागतोच. फर्मेंटेशन संपल्यावर मात्र तो नुकसान करतो. हॉप्सचा सुगंध उतरतो, रंग काळवंडतो, चव ओल्या पुठ्ठ्यासारखी होते.

किती हवा पुरते?

घरगुती केग साधारण १९ लीटरचा असतो. भरल्यावर वर अर्धा लीटर हवा उरली, तर तिच्यात सुमारे १३५ मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. तो सगळा बिअरमध्ये विरघळला, तर लीटरमागे ७ मिलिग्रॅम. मोठ्या ब्रुअरी हे प्रमाण ०.१ मिलिग्रॅमच्या खाली ठेवायला बघतात.

कार्बन डायऑक्साइड जड असतो, मग तो हवेला दूर ठेवत नाही का?

नाही. वायू एकमेकांत मिसळतात. केगमध्ये २ बार दाबाने गॅस भरून सोडला, की दर वेळी ऑक्सिजन एक तृतीयांशावर येतो : २१ टक्क्यांवरून ७, मग २.३. पाच वेळा केल्यावरही ०.०९ टक्के उरतोच.

मग उपाय काय?

- केग सॅनिटायझरच्या पाण्याने काठोकाठ भरून बंद करतात. सिलिंडरमधल्या कार्बन डायऑक्साइडने ते पाणी बाहेर ढकललं, की पाण्याची जागा थेट गॅस घेतो.
- केगमधला दाब सोडून फर्मेंटरची नळी केगच्या 'लिक्विड' तोंडाला जोडतात. आतली नळी तळापर्यंत जात असल्याने बिअर न उसळता खालून भरते.
- केगच्या 'गॅस' तोंडातून दुसरी नळी फर्मेंटरच्या वरच्या भागात नेतात. बिअर खाली उतरते, तिची जागा केगमधला गॅस घेतो. फर्मेंटर उंचावर असला की पुरे.

सिलिंडरचा गॅस वाचवायचा तर?

५ टक्के अल्कोहोलची १९ लीटर बिअर तयार होताना सुमारे ४०० लीटर कार्बन डायऑक्साइड सुटतो. तोच रिकाम्या केगमधून जाऊ दिला, तर हवा आपोआप बाहेर पडते.

धोका कुठे?

काचेचा फर्मेंटर दाबाने फुटू शकतो. बंद खोलीत गॅस साचला, तर जीव गुदमरतो.

महाराष्ट्रात हे करता येतं का?

नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय बिअर बनवणं गुन्हा आहे, मग ती फक्त घरच्यांपुरती का असेना.