वारुळांतील अळंबी

आषाढ-श्रावणांत गोव्याच्या बाजारांत पानांवर मांडलेली रानची अळंबी विकावयास येते. तेथें तिला ‘अळमी’ म्हणतात. ती आपोआप उगवते असें आम्हांस वाटे. वस्तुतः तिची शेती वाळवी करिते! पालापाचोळा व लांकूड चावून ती वारुळांत जाळीदार पोळें रचते. त्यावर हें कवक वाढतें, लांकडांतील कठीण द्रव्य फोडतें, आणि वाळवीचें अन्न तयार होतें. पाऊस मुरला, कीं लांब देंठ माती भेदून वर येतो व छत्री उघडते. रोजे हाइम ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें १९४२ सालीं ह्या कुळीस ‘टर्मिटोमायसीज’ हें नांव दिलें.

छत्रीखालून गळणारे बीजाणू नवें वारूळ वसविणाऱ्या वाळवीस बहुधा रानांतच वेंचावे लागतात. पण मिटलेल्या कळ्याच खुडल्या, तर बीजाणू पडावे कोठून? कित्येकदां वारूळही खणलें जातें. ढिंगरीप्रमाणें ही पेंढ्यावर पिकवितां येत नाहीं. अभयारण्यांतून विनापरवाना वनोपज काढण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें मनाई आहे. परंतु रानाकांठच्या ज्या बाया चार दिवस ही विकून मीठ-मिरचीची सोय करितात, त्यांस नुसतें ‘नको’ म्हणणें आम्हांस जड जातें. वारुळास हात न लावतां कांहीं छत्र्या जागींच उमलूं द्याव्या, एवढें त्यांनीं करावें, व आपण कळ्या मागूं नयेत. आम्हीं घरीं हें सांगितलें, तेव्हां आई प्रथम हंसली. पुढल्या खेपेस मात्र तिनें उमललेलीच निवडून घेतली.