महाराष्ट्र डर्बी (फुटबॉल)

महाराष्ट्र डर्बी हे इंडियन सुपर लीग या स्पर्धेतील मुंबई सिटी एफसी आणि एफसी पुणे सिटी या दोन संघांमधील फुटबॉल लढतीस मिळालेले नाव होय. 2014 ते 2019 या काळातील पाच हंगामांत ही लढत खेळली गेली. एकाच प्रदेशातील किंवा शेजारच्या शहरांतील संघांच्या सामन्यास फुटबॉलमध्ये ‘डर्बी’ म्हणतात. अशा लढतीत स्वतःच्या संघाच्या यशाइतकेच प्रतिस्पर्ध्याच्या अपयशालाही समर्थकांच्या लेखी मोल असते, आणि त्या अपयशाची चर्चा बहुधा प्रतिस्पर्धी संघाच्या प्रशिक्षकाभोवती फिरते. 2019 मध्ये पुण्याचा संघ विसर्जित झाल्यामुळे ही लढत संपुष्टात आली.

पार्श्वभूमी

इंडियन सुपर लीगचा पहिला हंगाम 2014 मध्ये आठ संघांनिशी खेळला गेला. त्यांपैकी दोन संघ महाराष्ट्रातील होते. पुण्याचे घरचे मैदान बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल हे होते. मुंबईचा संघ आरंभी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आणि 2016 पासून अंधेरी येथील मैदानावर घरचे सामने खेळला. मुंबईच्या संघटित समर्थकांचा गट ‘वेस्ट कोस्ट ब्रिगेड’ या नावाने, तर पुण्याचा गट संघाच्या केशरी रंगावरून ‘ऑरेंज आर्मी’ या नावाने ओळखला जाई.

पहिली लढत 18 ऑक्टोबर 2014 रोजी झाली. तीत मुंबईने पुण्याचा 5–0 असा पराभव केला. मुंबईच्या आंद्रे मोरित्झ याने या सामन्यात केलेली हॅटट्रिक ही स्पर्धेच्या इतिहासातील पहिली हॅटट्रिक ठरली.

हंगाम, प्रशिक्षक आणि साखळीतील स्थान

- 2014 : मुंबई – पीटर रीड, सातवे, पुणे – फ्रँको कोलोम्बा, सहावे.
- 2015 : मुंबई – निकोला अनेल्का (खेळाडू-प्रशिक्षक), सहावे, पुणे – डेव्हिड प्लॅट, सातवे.
- 2016 : मुंबई – अलेक्झांद्रे गिमारेस, पहिले, पुणे – अँटोनियो हबास, सहावे.
- 2017–18 : मुंबई – अलेक्झांद्रे गिमारेस, सातवे, पुणे – रँको पोपोविच, चौथे.
- 2018–19 : मुंबई – जॉर्ज कोस्ता, तिसरे; पुणे – मिगेल आंखेल पोर्तुगाल, प्रद्युम रेड्डी व फिल ब्राउन, सातवे.

आपसातील सामन्याचा निकाल आणि गुणतक्त्यातील स्थान यांचा मेळ बसेलच असे नाही, हे या यादीवरून दिसते. 2014 मध्ये पाच गोलांनी हरलेला पुण्याचा संघ हंगामाअखेर मुंबईच्या वर राहिला. 2015 मध्ये पुण्याने पहिल्याच सामन्यात मुंबईला 3–1 असे हरवले, पण गुणतक्त्यात तो मुंबईच्या खाली गेला. त्यामुळे परस्परांना डिवचण्यासाठी दोन्ही बाजूंच्या समर्थकांपाशी काही ना काही कारण शिल्लक राहत असे.

प्रतिस्पर्ध्याच्या प्रशिक्षकाविषयीचा दृष्टिकोन

संघ हरू लागला की त्याचे समर्थक प्रशिक्षक बदलण्याची मागणी करतात. प्रतिस्पर्ध्याचे समर्थक मात्र त्याच प्रशिक्षकाने पदावर राहावे, अशी उपरोधिक इच्छा व्यक्त करतात. इंग्लंडमध्ये याचे एक प्रसिद्ध उदाहरण आढळते. मँचेस्टर सिटीने किती वर्षांत एकही मोठा चषक जिंकलेला नाही, हे सांगणारा फलक मँचेस्टर युनायटेडच्या मैदानावर समर्थकांनी लावला होता. दरवर्षी त्यावरील आकडा वाढवला जाई. 2011 मध्ये सिटीने एफए चषक जिंकल्यावर तो फलक उतरवावा लागला.

प्रशिक्षक हा अपयशाचा सर्वांत ठळक चेहरा असला, तरी सर्व दोष त्याचाच असतो असे नाही. इंडियन सुपर लीगच्या पहिल्या तीन हंगामांत प्रत्येक संघ साखळीत केवळ 14 सामने खेळत असे आणि संपूर्ण स्पर्धा दोन-अडीच महिन्यांत आटोपत असे. परदेशातून आलेल्या प्रशिक्षकाला खेळाडूंची ओळख होईपर्यंत निम्मा हंगाम सरलेला असे. हबास यांनी 2014 मध्ये कोलकात्याच्या संघाला विजेतेपद मिळवून दिले होते. पुण्यात मात्र त्यांना सहाव्या स्थानाच्या वर जाता आले नाही. गिमारेस यांच्या हाताखाली मुंबई 2016 मध्ये साखळीत पहिली आली आणि पुढच्याच हंगामात सातव्या स्थानी घसरली. त्याच हंगामात पोपोविच यांच्या पुण्याने प्रथमच उपांत्य फेरी गाठली. वर्षभरात चेष्टेची दिशा उलटली.

2018 मध्ये ती पुन्हा पालटली. 19 ऑक्टोबर रोजी मुंबईने पुण्याला 2–0 असे हरवले. तीनच दिवसांनी पुण्याचा बंगळूरुकडून 3–0 असा पराभव झाला. त्यानंतर, म्हणजे हंगामातील अवघ्या तीन सामन्यांनंतर, पोर्तुगाल यांना पदावरून दूर करण्यात आले. पुढे फिल ब्राउन यांच्या मार्गदर्शनाखाली पुण्याची कामगिरी सुधारली, परंतु संघ सातव्या स्थानाच्या वर गेला नाही.

लढतीचा शेवट

आर्थिक अडचणींमुळे 2019 मध्ये एफसी पुणे सिटी हा संघ बंद झाला आणि स्पर्धेतील त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली. त्याच वर्षी सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीची बहुसंख्य मालकी मिळवली. 2020–21 मध्ये मुंबईने साखळीतील अव्वल स्थान आणि अंतिम विजेतेपद अशी दोन्ही पटकावली. या यशाच्या वेळी ज्याला डिवचावे असा शेजारी मात्र स्पर्धेत उरला नव्हता.

स्कॉटलंडमध्ये 2012 साली रेंजर्स हा क्लब आर्थिकदृष्ट्या कोलमडून चौथ्या श्रेणीत गेला, तेव्हा सेल्टिकच्या समर्थकांनाही असाच अनुभव आला. प्रतिस्पर्ध्याच्या पतनाचा आनंद झाला, पण चार हंगाम साखळीतील त्यांची पारंपरिक लढत होऊ शकली नाही. रेंजर्स 2016 मध्ये वरिष्ठ श्रेणीत परतले. पुण्याचा संघ परतला नाही.

कोल्हापूरशी तुलना

महाराष्ट्रातील फुटबॉलची जुनी व चुरशीची स्पर्धात्मकता कोल्हापुरात आढळते. पाटाकडील तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ असे तेथील संघ पेठा आणि तालमींशी जोडलेले आहेत, आणि त्यांच्या सामन्यांना शाहू स्टेडियमवर मोठी गर्दी लोटते. एखाद्या संघाचा हंगाम वाईट गेला तर विरोधी पेठेतून त्याची टिंगल होते. पण संघ पेठेचा असल्यामुळे तो पुढच्या हंगामात पुन्हा मैदानात उतरतो. व्यावसायिक लीगमधील संघाचे अस्तित्व मालकाच्या आर्थिक बळावर अवलंबून असते, हा दोहोंमधील मूलभूत फरक होय. प्रतिस्पर्ध्याच्या पराभवाचा आनंद घेण्यासाठी तो प्रतिस्पर्धी टिकून राहणे आवश्यक असते, हे महाराष्ट्र डर्बीच्या अल्प इतिहासातून स्पष्ट होते.